सहा पावलांचे अंतर

१

ही हकीकत मी गेल्या फेब्रुवारीच्या चौदा तारखेला, बुधवारी, दुपारी सव्वातीन ते साडेपाच या वेळात ऐकली. सांगणाऱ्या बाई आमच्या ग्रंथालयात पुस्तकबांधणीचे काम करतात. सगळे त्यांना बाइंडरबाई म्हणतात. त्यांचे वय एकेचाळीस. माझ्या प्रबंधिकेच्या तीन प्रती त्यांच्याकडे बांधणीला होत्या. शेवटच्या प्रतीचा कणा वाळेपर्यंत थांबणे भाग होते.

खोली तळमजल्यावर आहे. एक उंच खिडकी, पुठ्ठा कापायचे यंत्र, भिंतीला टेकवलेला, पुस्तके दाबायचा लोखंडी दाबपेच आणि सरसाचा वास. बाईंनी माझे शीर्षकपान वाचले. लांब पल्ल्याच्या पायी यात्रामार्गावरील मुक्कामघरांच्या नोंदवह्या, असा माझा विषय होता.

"एवढ्या वह्या वाचल्यात," त्या म्हणाल्या, "म्हणजे आमचीही नोंद नजरेखालून गेली असेल. दोघी बहिणी, चौथा मुक्काम. अकरा वर्षं झाली."

"नाव सांगितलंत तर शोधता येईल."

"नाव नका शोधू. पोचायची वेळ बघा. दोघी एकाच वाटेवरून आलो आणि मध्ये तीन तासांचं अंतर. एकोणतीस किलोमीटरच्या वाटेवर एवढं अंतर कसं पडतं, ते लिहिलंय का तुमच्या प्रबंधात?"

लिहिलेले नव्हते. ती नोंद मी नंतर पाहिली. थोरली चार वाजून चाळीस मिनिटांनी पोचल्याची नोंद आहे, धाकटी सात चाळीसला. पुढील मजकुराचे टिपण मी त्याच संध्याकाळी केले. बाईंची वाक्ये जिथे नीट आठवत होती तिथे तशीच ठेवली आहेत.

२

बाईंचे वडीलही पुस्तकबांधणीच करत. घराची पुढची खोली हेच दुकान. दर वर्षी सुट्टीत ते सात दिवसांची ही यात्रा पायी करत आणि धाकट्या मुलीला सोबत नेत. धाकटीला घरात भिंगरी म्हणत.

"आणि तुम्हाला?" मी विचारले.

"थोरली. ते काही नाव नव्हे, तो अनुक्रमांक झाला."

थोरलीने मागे राहायचे ते दुकानासाठी. ते तिला पटलेलेही होते. तिला सहन व्हायचे नाही ते दोघांचे परत येणे.

"आठवडाभर त्यांचं त्यांचं हसणं चालायचं. 'तो वळणावरचा कुत्रा आठवतो का गं, भिंगरे?' की दोघं लोटपोट. मी वाढायला उभी. मला ना कुत्रा माहीत, ना वळण."

दोघांची चालण्याची एक पद्धत होती. मुलगी पुढे, वडील सहा पावले मागे. त्यांच्या डाव्या हातात लोखंडी टोकाची काठी. दर चौथ्या पावलाला ती जमिनीवर टेकायची. त्या ठोक्यावर मुलीने आपली चाल धरायची. मागे वळून पाहायचे नाही, कारण वळले की चाल मोडते. बोलायचे ते पुढे बघून; आवाज आपोआप मागे जातो. भिंगरी नऊ वर्षे अशी चालली.

वडील एका हिवाळ्यात गेले. पुढच्या सुट्टीत भिंगरी म्हणाली, "ताई, या वर्षी आपण दोघी जाऊ." काठी घरातच दाराआड राहिली. तिला हात लावायचे दोघींपैकी कोणाच्याही मनात आले नाही.

३

तीन दिवसांत थोरलीच्या डाव्या टाचेला मोठा फोड आला. नवे बूट. पण बाईंच्या म्हणण्यानुसार खरे दुखणे वेगळे होते. प्रत्येक मुक्कामघराच्या दारात कोणी ना कोणी पुढे येई आणि भिंगरीला जवळ घेई. मग थोरलीकडे वळून विचारी, "आणि या कोण?"

चौथ्या दिवशी पहाटे थोरली आधी उठली. बूट ठेवायची खोली जिन्याखाली होती. भिंतीला लाकडी फळ्या, त्यांवर तिसेक जोड, ओल्या चामड्याचा कोंदट वास. दोघी बहिणींचे बूट एकाच मापाचे, एकाच दुकानातले. फरक एवढाच, की भिंगरीचा जोड जुना होता; त्यातल्या डाव्या बुटाची वरची बाजू फाटली होती आणि ती वडिलांनी जाड लाल दोऱ्याने शिवली होती. वहीच्या पानांचे गठ्ठे एकमेकांना शिवतात तशी, साखळीची शिवण.

"चुकून घातले, असं म्हणायची सोय नव्हती," बाई म्हणाल्या. "मी तो दोरा बोटानं चाचपला. तो दोरा आमच्या दुकानातला होता. त्याला मेण मी लावलेलं होतं. आणि शिवण मात्र तिच्या बुटावर."

तिने ते बूट घातले, आपले तिथेच ठेवले आणि कोणाला न सांगता एकटी वाटेला लागली. तेव्हा उजाडले होते. सहा वाजायला दहा मिनिटे कमी.

४

बूट पायात असे बसले, जणू पायाला आधीपासून माहीत होते. फोड दुखायचा थांबला. पहिला तासभर वाट शेतांच्या कडेने जाते. माती घट्ट, दोन्ही बाजूंना तारेचे कुंपण. त्या आनंदात होत्या, असे त्यांनी स्वतः सांगितले.

ठोका कधी सुरू झाला हे त्यांना सांगता आले नाही. लक्षात आला तेव्हा तो बराच वेळ चालू असावा. लोखंडाचे टोक मातीत रुततानाचा बारीक आवाज. मग तीन पावले. मग पुन्हा.

"काठ्या तर सगळेच यात्रेकरू वापरतात," मी म्हणालो.

"मीही तेच म्हटलं. म्हटलं, असेल कोणी मागून येणारा. मग बुटाची नाडी बांधायला वाकले. ठोका थांबला. उठून चालायला लागले, तर माझ्या चौथ्या पावलाला लागला. म्हटलं, पिशवीचा बक्कल वाजत असेल. बक्कल मुठीत धरला. तरी लागला. मग लहान पावलं टाकून पाहिली, लांब टाकून पाहिली. चौथं पाऊल माझं, ठोका त्याचा."

"वळून पाहिलं नाहीत?"

बाईंनी सरसाच्या भांड्यावर झाकण ठेवले.

"तुम्ही शिकलेले आहात म्हणून विचारता. नऊ वर्षं मला तेवढंच हवं होतं. वळून मोडू कशाला?"

५

अकराच्या सुमारास एक चहाचे घर लागते. मी तिथे जाऊन आलो आहे. एकच लांब खोली आहे, सिमेंटची जमीन, बाहेर खिडकीखाली बाक. चालवणाऱ्या मावशी आता थकल्या आहेत, पण अजून जमीन स्वतः पुसतात. त्या दिवशीही त्या ओणव्या होऊन पुसत होत्या. दारात पाय दिसले, त्यावर लाल शिवण दिसली, आणि त्यांनी मान वर न करताच म्हटले, "आलीस का गं भिंगरी? या वर्षी उशीर केलास. ओल्यावर पाय देशील तर बघ."

नंतर त्यांनी वर पाहिले. पण उजेड थोरलीच्या पाठीमागे होता, आणि बहिणींचे चेहरे मिळतेजुळते आहेत.

"वाळलीस गं. बाबांनी दौडवली वाटतं?" मावशींनी दोन कप भरले. "घे. ते काही आत यायचे नाहीत. बूट काढायचा आळस. नऊ वर्षं सांगतेय, या आत, तर म्हणे बाहेर हवा छान आहे. दे नेऊन."

वडील गेल्याची बातमी मावशींपर्यंत पोचलेली नव्हती. एका वाक्यात सांगता आली असती. त्याच वाक्यात, मी भिंगरी नाही, हेही सांगावे लागले असते. थोरलीने दोन्ही कप उचलले.

बाहेर बाकावर कोणी नव्हते. तिने एक कप बाकावर ठेवला, कान उजवीकडे करून. दुसरा घेऊन रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली आणि सावकाश प्यायली. नंतर कप उचलायला वाकली, तेव्हा चहा होता तेवढाच होता, पण कान डावीकडे होता.

"मी उजवीकडेच ठेवला होता," बाई म्हणाल्या. "असं मला वाटतं."

मावशींना मी याविषयी विचारले. त्यांना ते वर्ष आठवत नाही. एवढेच म्हणाल्या, "ती आली की मागे ते असायचेच. वेगळं बघायची काय गरज?"

६

दुपारनंतर वाट पूर्वेकडे वळते आणि ऊन पाठीवर येते. आता बाईंची सावली त्यांच्या पुढे पडू लागली. त्यांनी तिच्याकडे पाहायचे टाळले, आणि टाळता टाळता पाहिले. एकच सावली होती, त्यांची. तिच्या डाव्या बाजूने एक बारीक सरळ रेघ पुढे येई, टेके आणि मागे जाई. रेघ धरणाऱ्याची सावली नव्हती.

मी येथे त्यांना थांबवून विचारले, की झाडाच्या फांदीची किंवा कुंपणाच्या खांबाची सावली असू शकेल का. त्या म्हणाल्या, असू शकेल. त्यांनी ते सहज मान्य केले आणि पुढे सांगू लागल्या.

चारच्या सुमारास वाट दोन दगडी भिंतींच्या मधून जाते. भिंती डोक्याएवढ्या उंच आहेत. बोळ इतकी अरुंद, की समोरून कोणी आले तर एकाने भिंतीला चिकटून उभे राहावे लागते. तिथे पावलांचा आवाज मोठा होतो. ठोकाही मोठा झाला. आणि मागून, फार लांबून नव्हे, कोणीतरी विचारले, "दमलीस का गं, भिंगरे?"

"बाबांचा आवाज?" मी विचारले.

"आवाज ओळखायला वेळ कुठे मिळाला? माझा जीव त्या नावातच अडकला. जन्मभर कोणीतरी मला 'दमलीस का' विचारावं म्हणून मी दमत आले. आणि विचारलं, तर ते तिला."

थोरली चालत राहिली. पुढे बघतच ती म्हणाली, "बाबा, मी थोरली आहे."

चौथे पाऊल पडले. ठोका आला नाही. पाचवे, सहावे, सातवे. बोळीत फक्त तिचे बूट वाजत होते. मग ठोका ऐकू आला, पण लांब. पुढचा त्याहून लांब. तो उलट्या दिशेने जात होता, आलेल्या वाटेने, आणि आता दर चौथ्या पावलाची शिस्त त्याला राहिली नव्हती.

"घाईनं चालले होते," बाई म्हणाल्या. "तिला शोधायला. माझ्यासाठी कधी कोणी असं घाईनं गेलेलं नाही."

त्यानंतरचे वाक्य त्यांनी खिडकीकडे बघून सांगितले.

"ते बाबा असतील तर भिंगरीला काही होणार नाही. बाबा नसतील तर काय, हाही विचार आला. येऊन माझ्यासमोर उभाच राहिला, मी खोटं बोलणार नाही. ती मागे एकटी होती, माझ्या बुटांत. मी परत फिरायला हवं होतं. मी पुढे गेले, नोंद केली, पाय धुतले आणि खाटेवर बसून राहिले. मला इतका राग आला होता."

७

भिंगरी आली तेव्हा दिवे लागत होते. खिडकीतून थोरलीने तिला अंगणात पाहिले. चालणे संथ, मान सरळ. बुटांविषयी ती चकार शब्द बोलली नाही. थोरलीने मागून हाक मारली, "भिंगरे", तर तिने वळून पाहिले नाही. पुढे बघत म्हणाली, "बोल ना, ताई. ऐकतेय."

"वाटेत कोणी भेटलं?"

"कोणी नाही," भिंगरी म्हणाली आणि हसली. बाईंना ते हसणे ओळखीचे होते. यात्रेहून परतल्यावरच्या आठवड्यातले.

उरलेले तीन दिवस भिंगरी पुढे आणि थोरली मागे चालली. जवळ जावे म्हटले तर पाय उचलत नसे.

"अजूनही तसंच. मी तिच्या घरी जाते, ती दार उघडून पुढे चालायला लागते, आणि मी सहा पावलं मागे राहते. ठरवून नाही. तिथे जागा नसते."

माझ्या प्रती वाळल्या होत्या. त्या देताना बाईंनी एक काम सांगितले. भिंगरी शहरातल्याच एका शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. संशोधनाच्या निमित्ताने मी तिला भेटावे आणि एक गोष्ट विचारावी. बहिणीला ती विचारवत नाही.

"विचारा, बाबा कधी माझी चौकशी करतात का. एवढंच. नसतील करत तरी चालेल, पण मला कळू दे."

तिसऱ्या प्रतीवरील अक्षरांचे ठसे अजून उठवायचे होते. ती घ्यायला येईन तेव्हा उत्तर सांगतो, असे मी कबूल केले.

८

सतरा तारखेला, शनिवारी, साडेअकरा वाजता मी त्या शाळेत गेलो. भिंगरीबाई सदतीस वर्षांच्या आहेत, हसऱ्या आणि बोलक्या. प्रयोगशाळा लांब मार्गिकेच्या टोकाला आहे. त्या पुढे चालल्या, मी मागे. टोकाला पोचल्यावर माझ्या लक्षात आले, की आमच्यात बरेच अंतर राहिले आहे. मी हळू चालतो असे कोणी म्हणत नाही.

काचपात्रांच्या कपाटाशी उभे राहून मी प्रश्न विचारला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला.

"ताईला वाटतं, माझ्या मागे बाबा आहेत?"

"तुम्हाला तसं वाटत नाही?"

"बाबा काठी टेकायचे. हिच्याजवळ काठी नाही." त्यांनी एक नळी उजेडात धरून पुसली. "त्या दिवशी दुपारी मागून पावलं आली. डावा पाय जरा हलका टाकत. ताईच्या डाव्या टाचेला फोड होता. म्हटलं, बूट नेल्याची लाज वाटली असेल, परत आली. म्हटलं, ये की पुढे, ताई. तर बोलेना. मग मुक्कामाला पोचले, तर ताई खाटेवर बसलेली, पाय धुऊन. आणि मागची तशीच मागे."

"मग ती कोण?"

"ताईच. मोठी बहीण ओळखू येत नाही होय?"

"त्या तर रोज ग्रंथालयात असतात."

"असते ना. तिला यातलं काही माहीत नाही. तुम्हीही सांगू नका, वाईट वाटेल तिला."

मी विचारले, भीती वाटते का.

"लहानपणी मी झोपले की ती उशाशी येऊन उभी राहायची. मला वाटायचं, पांघरूण घालायला येते." नळी त्यांनी जागेवर ठेवली. "आधी सहा पावलं होती. ताईला कशानंही वाईट वाटलं की पुढं सरकते. बाबांचं दुकान बंद केलं तेव्हा घराची किल्ली माझ्याकडे आली, तर एकदम दोन पावलं."

"आणि आता?"

त्यांनी अंगठा आणि करंगळी ताणून हवेत वीतभर अंतर दाखवले. मग निरोप द्यायला दारापर्यंत आल्या. या वेळी मला पुढे चालायला सांगितले.

९

बावीस तारखेला, गुरुवारी, मी तिसरी प्रत घ्यायला ग्रंथालयात गेलो. बाइंडरबाई दाबपेचाचे चाक फिरवत होत्या.

"भेटलात?"

"भेटलो."

"विचारलंत?"

एक वाक्य मी तयार करून नेले होते: याबाबत त्यांनी निश्चित असे काही सांगितले नाही. वाक्य खरे होते. 'हो, चौकशी करतात' हे दुसरे वाक्यही मनात होते. ते खोटे होते, आणि मी खोटे लिहिणारा किंवा बोलणारा माणूस नाही. ते बोलले असते तर काय झाले असते, याचा मी त्यानंतर पुष्कळ विचार केला आहे. प्रत्यक्षात मी काहीच बोललो नाही. समोरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटे झाली होती. मला पाहायला दुसरे काही नव्हते म्हणून ती वेळ लक्षात राहिली.

"कळलं," बाई म्हणाल्या. "मेल्यावरही भिंगरीच." पेच पूर्ण आवळला गेला होता; तरी त्यांनी चाक आणखी अर्धा वेढा फिरवले. लाकूड करकरले. मग त्यांनी माझी प्रत कागदात नीट गुंडाळून दिली.

शुक्रवारी सकाळी मी शाळेत फोन केला. लिपिक बाईंनी उचलला.

"आहेत शाळेत, पण फोनवर यायच्या नाहीत. कालपासून मार्गिकेत भिंतीला पाठ लावून उभ्या आहेत. संध्याकाळी घरी नेलं, तर तशाच भिंतीला घासत गेल्या. सकाळी आल्या आणि पुन्हा तिथेच. मुख्याध्यापिकांनी खुर्ची दिली, तर म्हणतात, खुर्ची नको, पाठीमागे फट राहते."

"कालपासून म्हणजे किती वाजल्यापासून?"

"दुपारपासून. चार, सव्वाचार. घड्याळ कोण बघतंय? तुम्ही डॉक्टर का?"

मी नाही म्हणालो. त्यानंतर शाळेत दोनदा जाऊन मी शिपाई, लिपिक आणि एक शिक्षिका अशा तिघांना स्वतंत्रपणे विचारले. तिघांनी तीन वेळा सांगितल्या. त्यांतली एक चारच्या आधीची आहे, दोन नंतरच्या. वडिलांच्या मृत्यूची तारीख, नोंदवहीतल्या दोन्ही वेळा, चहाचे घर आणि ती बोळ यांची मी खातरजमा केली आहे. भिंगरीबाई भिंतीला टेकल्या ती वेळ चार वाजून दहा मिनिटांच्या आधीची की नंतरची, एवढे मात्र मला कधीच ठरवता आले नाही.